यातला खरा कुठला?

त्यांनी दोन रिपोर्ट माझ्या टेबलावर शेजारी शेजारी ठेवले. एक माझा, दुसरा मुंबईच्या एका मोठ्या रुग्णालयाचा. बाई तीच, स्तनातली गाठ तीच. मेणाचे ब्लॉकही माझ्याच लॅबमधले, प्लास्टिकच्या डबीत कापूस घालून त्यांनी स्वतः मुंबईला नेलेले. माझ्या रिपोर्टात ग्रेड २ होती, मुंबईच्या रिपोर्टात ग्रेड ३. त्या बाईंचे यजमान शेतकरी, बारावीपर्यंत शिकलेले. इंग्रजी मजकूर त्यांना पुरता कळत नव्हता, आकडे कळत होते. दोन्ही आकड्यांवर एकेक बोट ठेवून त्यांनी विचारलं, "मॅडम, यातला खरा कुठला?"

मी म्हणाले, "माझा."

तेवढ्यावर थांबले असते तरी एक वेळ चाललं असतं. मी पुढे म्हणाले की मोठ्या ठिकाणी रोज शेकडो स्लाइड्स येतात, घाईत एखादा आकडा इकडचा तिकडे होतो; तुमच्या मिसेसची गाठ मी तासभर बघितली आहे. ते "बरं" म्हणाले, दोन्ही कागदांची घडी घालून पिशवीत ठेवली आणि गेले. ही २०१२ च्या उन्हाळ्यातली गोष्ट. तालुक्याच्या गावी माझी लॅब सुरू होऊन तेव्हा चौदा वर्षं झाली होती.

आज मला कुणी तोच प्रश्न विचारला तर मी ते उत्तर देणार नाही. ते का बदललं, हे मला लिहून काढायचं आहे. ज्या समजुतीत मी होते, त्याच समजुतीत रुग्ण असतात, त्यांच्या घरचे असतात आणि पुष्कळदा आमचा रिपोर्ट हातात घेऊन उपचार ठरवणारे डॉक्टरही असतात, म्हणून.

मी ज्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयात शिकले, तिथल्या आमच्या सरांची एक सवय होती. स्लाइड मायक्रोस्कोपखाली ठेवण्याआधी ते ती खिडकीच्या उजेडात धरून नुसत्या डोळ्यांनी बघायचे आणि अर्धं निदान तिथेच सांगायचे. मग लो पॉवरवर एक फेरी, हाय पॉवरवर दोन-तीन ठिकाणी थांबणं, की झालं. आम्ही भारावून जायचो. सर म्हणायचे, नजर बसली की ग्रेड दिसते, ती ठरवावी लागत नाही. मी ते गुरुमंत्रासारखं धरलं. सोनाराने कसोटीच्या दगडावर सोनं घासावं आणि कस सांगावा, तसं आपलं काम आहे असं मला वाटायचं. सोनं बावीस कॅरेटचं की अठरा, हे सोन्यातच ठरलेलं असतं. सांगणारा चुकला तर तो कच्चा. त्यामुळे दुसऱ्या पॅथॉलॉजिस्टचं मत मागवण्यात मला कमीपणा वाटायचा, आणि रिपोर्टात शंका लिहिणं म्हणजे तर आपण शिकलोच नाही याची कबुली.

स्टेज आणि ग्रेड यांची बहुतेक घरांत गल्लत होते. रोग शरीरात किती पसरला ती स्टेज. गाठीतल्या पेशी मूळच्या निरोगी पेशींपासून किती दूर गेल्या, किती बेबंद झाल्या, ती ग्रेड. सरळ मराठीत, प्रतवारी. १९२० साली मेयो क्लिनिकच्या अल्बर्ट ब्रॉडर्स यांनी ओठाच्या कॅन्सरची अशी प्रतवारी करून दाखवली. स्तनाच्या कॅन्सरसाठी ब्लूम आणि रिचर्डसन यांची पद्धत १९५७ मध्ये आली आणि १९९१ मध्ये नॉटिंगहॅमच्या एल्स्टन आणि एलिस यांनी ती नेमकी करून दिली. आज जगभर तीच वापरतात. तीन गोष्टींना प्रत्येकी १ ते ३ गुण द्यायचे: पेशी अजून नळ्या रचताहेत का, केंद्रकं किती वेडीवाकडी झाली आहेत, आणि किती पेशी ऐन विभाजनाच्या क्षणी पकडल्या गेल्या आहेत. बेरीज ५ पर्यंत आली तर ग्रेड १, ६ किंवा ७ आली तर ग्रेड २, ८ किंवा ९ आली तर ग्रेड ३.

त्या बाईंच्या गाठीत नळ्या जवळजवळ नव्हत्याच, म्हणून ३. केंद्रकं मध्यम बिघडलेली, म्हणून २. आणि हाय पॉवरच्या दहा फील्डमध्ये, म्हणजे भिंगातून दिसणाऱ्या दहा वर्तुळांत, मी विभाजन होणाऱ्या १३ पेशी मोजल्या होत्या. माझ्या टेबलासमोरच्या भिंतीवर तक्ता होता: ९ पर्यंत १ गुण, १० ते १९ ला २, २० च्या पुढे ३. तेरा म्हणजे २ गुण. एकूण ७. ग्रेड २. यात चुकायला जागा कुठे होती?

त्या वर्षी दिवाळीनंतर मी नवा मायक्रोस्कोप घेतला. हात बसावा म्हणून काही जुन्या स्लाइड्स त्याखाली बघायला काढल्या. दोन दिवसांत लक्षात आलं की विभाजनाचे आकडे सगळीकडे वाढताहेत. स्लाइड त्याच, डोळे तेच. आधी वाटलं, भिंग चांगलं असल्यामुळे जास्त दिसतंय. मग आयपीसच्या कडेवर कोरलेला आकडा वाचला. नव्यावर २२ होता. जुना मायक्रोस्कोप कपाटात ठेवला होता, तो काढून बघितला. त्यावर १८.

या आकड्याला ऑब्जेक्टिव्हच्या ४० ने भागलं की समोर दिसणाऱ्या वर्तुळाचा व्यास मिळतो. जुन्यात तो ०.४५ मिलिमीटर होता, नव्यात ०.५५. फरक नखाएवढाही वाटत नाही, पण क्षेत्रफळ व्यासाच्या वर्गाने वाढतं. नव्या वर्तुळात जुन्याच्या जवळजवळ दीडपट गाठ मावत होती. म्हणजे 'दहा फील्ड' हे मापच मुळी प्रत्येक मायक्रोस्कोपाचं वेगळं. कुणाची पायली मोठी, कुणाची लहान, आणि सगळे सांगतात की दहा पायल्या भरल्या.

भिंतीवरचा तक्ता मी एमडी करताना पुस्तकावरून झेरॉक्स केला होता. त्यातले आकडे ०.५९ मिलिमीटर व्यासाच्या फील्डसाठी होते. लहान फील्डसाठी वेगळे, कमी आकडे शेजारच्याच रकान्यात दिले होते. तो रकाना माझ्या झेरॉक्सवर स्पष्ट छापलेला होता. चौदा वर्षं मी तो वाचला नव्हता.

तेराचा हिशेब मी त्याच रात्री पुन्हा मांडला. माझ्या लहान वर्तुळांतले १३ म्हणजे तक्त्याच्या मोठ्या वर्तुळांतले सुमारे २२. गुण ३. बेरीज ८. ग्रेड ३. मुंबईच्या पॅथॉलॉजिस्टने तीच गाठ बरोबर वाचली होती.

पुढच्या काही आठवड्यांत मी रजिस्टर काढून बसले. एक गुण वाढल्याने ग्रेड बदलते ती फक्त ५ आणि ७ या बेरजांवर, म्हणून तेवढ्या गाठी बाजूला काढल्या. अलीकडच्या तीन वर्षांतल्या सगळ्यांची नव्या हिशेबाने मोजणी केली, आणि जिथे ग्रेड बदलली तिथे त्या त्या सर्जनना लेखी कळवलं. बऱ्याच जणींचे उपचार इतर कारणांनी आधीच पुरेसे झाले होते. रोग काखेत पसरलेला असला की तेव्हा केमो बहुतेक वेळा ग्रेड न बघताही देत. दोघींच्या बाबतीत मात्र ऑन्कॉलॉजिस्टने पुन्हा विचार केला. एक सर्जन फोनवर माझ्यावर खूप चिडले. त्यांचं चिडणं रास्त होतं.

त्या शेतकऱ्याला मात्र मी फोन केला नाही. त्यांचा नंबर रजिस्टरमध्ये होता. सर्जनला पत्र गेलं आहे, ते सांगतील, असं मी स्वतःला समजावलं. खरं कारण हे की पत्र लिहिणं सोपं होतं. ज्याच्या तोंडावर मी "माझा" म्हणाले होते त्याच्याशी बोलणं सोपं नव्हतं.

इथवर माझं मत बदललेलं नव्हतं, हे आवर्जून सांगते. उलट ते पक्कं झालं होतं. माप चुकलं होतं, ते दुरुस्त केलं. आता प्रत्येक गाठीची खरी ग्रेड मिळणार. सोन्याचा कस सोन्यातच आहे, माझी कसोटी तेवढी खराब होती.

ते मत बदललं ते रजिस्टरच्या दुसऱ्या फेरीत. माझ्या लॅबमधले टेक्निशियन, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, त्यांना मी सांगितलं की जुन्या स्तनाच्या गाठींच्या स्लाइड्स क्रम बदलून, नंबरावर कागद चिकटवून मला द्या. आपण नव्या मापाने किती अचूक झालो ते मला बघायचं होतं. रोज संध्याकाळी काम संपल्यावर पाच-सहा बघायचे, गुण वेगळ्या वहीत लिहायचे. महिन्याने काकांनी कागद काढले आणि आम्ही ती वही आधीच्या गुणांशी जुळवली.

विभाजनाचे आकडे बऱ्यापैकी जुळत होते. केंद्रकांचे गुण जुळत नव्हते. ज्याला मी आधी २ दिले होते त्याला आता ३, आणि उलटही. एका हाताच्या बोटांवर मावणार नाहीत इतक्या वेळा. आणि प्रत्येक वेळी पुन्हा स्लाइड बघितली तर दोन्ही उत्तरं मला पटत होती. 'मध्यम बिघाड' आणि 'जास्त बिघाड' यांच्या मध्ये कुंपण नाही. चढ आहे, आणि चढावर कुठे थांबायचं ते मी त्या संध्याकाळी आधी काय बघितलं होतं त्यावरही ठरत होतं. सलग तीन भयंकर गाठी बघून झाल्यावर चौथी सौम्य वाटते. हे वहीतल्या क्रमावरून दिसत होतं.

माझे वडील तलाठी होते. पीक उभं असताना गावात पैसेवारी लावायला मंडळी फिरायची, तेव्हा लहानपणी मीही कधी त्यांच्यामागून गेले आहे. शेताच्या बांधावर उभं राहून नजरेने अंदाज घ्यायचा, रुपयात किती पैसे पीक आलं. पन्नास पैशांच्या आत आलं तर गाव टंचाईच्या यादीत, सारामाफी, मुलांची परीक्षा फी माफ. वर राहिलं तर काही नाही. ओढ्याच्या अलीकडचं गाव ४८ वर आणि पलीकडचं ५२ वर, असं व्हायचं. वडील रात्री जेवताना अस्वस्थ असायचे. ते म्हणायचे, पीक कमी आहे हे खोटं नाही, पण पन्नासची रेघ शेतात कुठे आखलेली नसते, ती आपण ओढतो. काकांनी स्लाइड्सवरचे कागद काढले त्या संध्याकाळी मला वडिलांचं ते वाक्य आठवलं. इतकी वर्षं मी स्वतःला सोनार समजत होते. करत होते ते पैसेवारीचं काम.

यावरून कुणी असं समजू नये की आमच्या निदानाला अर्थ नाही. गाठ कॅन्सरची आहे की साधी, या प्रश्नाचं उत्तर बहुतेक वेळा ठाम असतं. २०१५ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला. स्तनाच्या बायोप्सीच्या २४० स्लाइड्स ११५ पॅथॉलॉजिस्टमध्ये वाटून दिल्या, प्रत्येकाला ६०, आणि त्यांची उत्तरं तीन नामवंत तज्ज्ञांच्या एकमताशी ताडून पाहिली. पसरू लागलेल्या कॅन्सरच्या बाबतीत ९६ टक्के वेळा उत्तर जुळलं. पण साधं आणि कॅन्सर यांच्या मधल्या पट्ट्यात, ज्याला आम्ही एटिपिया म्हणतो, तिथे जुळलं ते फक्त ४८ टक्के वेळा. आणि ज्यांचं एकमत प्रमाण मानलं, ते तिघे तज्ज्ञसुद्धा पहिल्या स्वतंत्र वाचनात चारातल्या तीनच स्लाइड्सवर एकमेकांशी सहमत होते. उरलेल्या त्यांनी चर्चेने ठरवल्या. हा लेख मी दोनदा वाचला. माझी वही वाचून मला एकटेपणा आला होता, तो त्या दिवशी गेला. पण त्याबरोबर सुटकाही गेली. हा माझा कच्चेपणा असता तर मेहनतीने भरून निघाला असता.

काही अनिश्चितता तर काच समोर येण्याआधीच ठरलेली असते, आणि तिच्याबद्दल आमच्याकडे फार कमी बोललं जातं. गाठ शरीरातून काढली तरी तिच्या पेशी लगेच थांबत नाहीत. फॉर्मॅलिन पोचेपर्यंत त्या हळूहळू मरत, सुकत, विरघळत राहतात, आणि विभाजनाच्या ऐन क्षणातली पेशी ओळखू येईनाशी होते. फॉर्मॅलिन आत शिरतं फार संथ, तासाला जेमतेम एक मिलिमीटर. म्हणून गाठ चिरून, तिच्या दहापट फॉर्मॅलिनमध्ये, तासाभराच्या आत बुडवायची असते. माझ्याकडे येणारी गाठ कशी येते? लोणच्याच्या बरणीत कोंबलेली, न चिरलेली, वर बोटभर द्रव. नातेवाईक ती मांडीवर घेऊन एसटीने येतात. एकदा एका मुलाने आईची गाठ सलाइनमध्ये आणली होती, मे महिन्यात, चार तासांचा प्रवास करून. त्या गाठीत मी विभाजन मोजलं आणि कमी आलं. ते गाठीचं कमी होतं की उन्हाचं, हे मायक्रोस्कोप सांगू शकत नाही. पूर्वी मी आकडा लिहून मोकळी झाले असते. आता मी सर्जनना फोन करते, आणि फॉर्मॅलिनच्या भरलेल्या बरण्या आमच्या लॅबतर्फे त्यांच्या दवाखान्यांत आधीच पोचवते. बरणीवर मराठीत चिकटवलं आहे: गाठ मधोमध चिरा, वेळ लिहा. माझ्या सगळ्या कामात निदानाची अचूकता कशाने खरोखर वाढली असेल तर त्या चिठ्ठीने.

थायरॉइडचा अनुभव याहून निराळा आहे आणि मला तो जास्त जड गेला. आवरणाच्या आत राहिलेली, कुठेही न घुसलेली, पण केंद्रकं पॅपिलरी कॅन्सरसारखी दिसणारी एक प्रकारची गाठ असते. तिला आम्ही कार्सिनोमा म्हणायचो. पुस्तकात तसंच होतं, मीही तसंच लिहिलं. २०१६ मध्ये सात देशांतल्या २४ पॅथॉलॉजिस्टनी अशा १०९ रुग्णांचा मागोवा घेतला. दहा ते सव्वीस वर्षं उलटूनही एकालाही रोग परतला नव्हता. त्यांनी ठरवलं की या गाठीच्या नावातून कार्सिनोमा हा शब्दच काढायचा. मी कपाटातून माझे जुने रिपोर्ट काढले. त्यात एक मुलगी होती, तेव्हा बावीस वर्षांची. माझ्या त्या एका शब्दानंतर तिचं उरलेलं थायरॉइडही काढलं गेलं, तिला किरणोत्सारी आयोडीन दिलं गेलं, आणि तिचं ठरत आलेलं लग्न मोडलं. माझी गणती चुकली नव्हती, नजर चुकली नव्हती, पुस्तकाप्रमाणे सगळं बरोबर होतं. आम्ही सगळ्यांनी मिळून रेघच चुकीच्या जागी ओढली होती. ती मुलगी आता संसारात आहे, रोज सकाळी थायरॉइडची गोळी घेते. तिला मी भेटून सांगितलं. तिने बराच वेळ काही विचारलं नाही. मग म्हणाली, "म्हणजे मला कॅन्सर नव्हताच?" मी म्हणाले, आज बघितला असता तर तो शब्द लिहिला नसता. याहून खरं वाक्य मला सुचलं नाही, अजूनही सुचत नाही.

प्रोस्टेटबद्दल थोडंच सांगते. मिनीॲपोलिसच्या डोनाल्ड ग्लीसन यांनी १९६६ मध्ये मांडलेली, दोन नमुन्यांच्या गुणांची बेरीज करणारी पद्धत आजही चालते, पण बायोप्सीत तिच्या ५ पर्यंतच्या बेरजा वापरातून गेल्या आणि ६ हाच सर्वांत सौम्य आकडा उरला. माझ्याकडे एक निवृत्त शिक्षक आले होते. १० पैकी ६ म्हणजे निम्म्याहून जास्त, असा त्यांनी आयुष्यभराच्या सवयीने हिशेब केला आणि रात्रभर झोपले नाहीत. ३ अधिक ४ आणि ४ अधिक ३ या दोन्हींची बेरीज ७ असली तरी दुसरं जास्त वाईट, हे तर डॉक्टरांच्याही लक्षातून निसटायचं. २०१४ मध्ये शिकागोला जमलेल्या तज्ज्ञांनी म्हणूनच १ ते ५ असे पाच गट केले. ते उत्तम झालं. पण तिरकी कापली गेलेली चांगली ग्रंथी आणि नीट न बनलेली वाईट ग्रंथी काचेवर सारख्याच दिसतात, आणि ३ की ४ हे तिथेच अडतं. गटांची नावं बदलून ते सुटत नाही.

माझं बदललेलं मत माझ्या सर्जन मित्रांना सगळ्यांना पटलेलं नाही. एक जण स्पष्ट म्हणाले, "मॅडम, मला ऑपरेशन करायचं की नाही, केमो सुचवायची की नाही, ते ठरवायचं असतं. तुम्ही 'सीमेवर आहे' लिहिलंत की पेशंट घाबरतो आणि मी अडकतो. मला एक आकडा द्या." त्यांचं म्हणणं मी उडवून लावत नाही. निर्णय एकच घ्यायचा असतो. पावणेतीन केमो देता येत नाही. म्हणून आकडा मी आजही देते. पण आकड्याखाली तो कशाचा बनला ते लिहिते: नळ्यांना किती, केंद्रकांना किती, विभाजनं किती चौरस मिलिमीटरमध्ये किती मोजली, कुठल्या ब्लॉकवर, गाठ फॉर्मॅलिनमध्ये कधी पोचली. जिथे एका गुणाने निकाल फिरला असता तिथे तसं लिहिते आणि फोन करते. तेच सर्जन आता फोनची वाट बघतात, कारण बेरीज ७ आलेल्या बायकांतले दोन प्रकार त्यांना वेगळे दिसू लागले आहेत.

मात्र प्रत्येक रिपोर्टाच्या शेवटी 'इतर तपासण्यांशी ताळा घालून पाहावे' असं छापील वाक्य टाकायचं, ही पळवाट मला मान्य नाही. शंका नसताना शंका लिहिणं हाही खोटेपणा आहे. जिथे कॅन्सर आहे तिथे मी स्पष्ट लिहिते, आणि घरचे "साधीच असेल ना मॅडम?" म्हणून डोळ्यांत बघत उभे असले तरी शब्द मऊ करत नाही.

आता संगणक ग्रेड सांगू लागले आहेत. विभाजनं ते न थकता मोजतात, क्रमाचा परिणाम त्यांच्यावर होत नाही, आणि हे मला हवं आहे. फक्त त्यांना शिकवताना 'बरोबर उत्तर' म्हणून जे दिलेलं असतं, ते पुष्कळदा आमच्यासारख्याच माणसांनी त्या चढावर ठरवलेलं असतं. मधल्या पट्ट्यात यंत्र ठामपणे बोलेल तेव्हा तो ठामपणा कुठून आला, हे विचारावं लागेल.

तो शेतकरी २०१६ च्या पावसाळ्यात पुन्हा आला. यावेळी धाकट्या भावाच्या गालाच्या आतल्या पांढऱ्या चट्ट्याचा तुकडा घेऊन. भाऊ शाळकरी वयापासून तंबाखू-चुना खाणारा. बरणी आमच्याच लॅबची होती, वेळ लिहिलेली. मी त्यांना ओळखलं. त्यांनी मला ओळखलं का, ते कळलं नाही. मी आधी वहिनींची चौकशी केली. "बरी आहे, गेल्या महिन्यातच मुंबईला दाखवून आलो," ते म्हणाले.

मग मी त्यांना बसायला सांगितलं आणि सगळं सांगितलं. तेरा, वर्तुळ, तक्ता, न वाचलेला रकाना. मुंबईचा रिपोर्ट बरोबर होता आणि हे मला चार वर्षं माहीत होतं, हेही. आयपीस काढून त्यावरचा आकडा दाखवला. ते शांतपणे ऐकत होते. मी थांबल्यावर म्हणाले, "त्यांनी तिकडच्या रिपोर्टवरच केमो दिली. तुमचा मी पिशवीतनं काढलाच नाही." मला एकदम हलकं वाटलं, आणि त्या हलकं वाटण्याची लाजही. त्यांनी माझं ऐकलं असतं तर काय झालं असतं, हे आम्ही दोघंही बोललो नाही.

भावाच्या तुकड्यात कॅन्सर नव्हता. पेशींची रचना बिघडू लागली होती, ती सौम्य म्हणावी की मध्यम, यावर मी अडले. तुकडा लहान होता, एका बाजूला चिमट्याने चेंगरलेला, दुसऱ्या बाजूला तिरका कापलेला. दोन दिवस मी तो पुन्हा पुन्हा बघितला. तिसऱ्या दिवशी ते आले तेव्हा मी सांगितलं की माझ्या मते मध्यमच्या जवळ आहे, पण पक्कं नाही. तंबाखू आजपासून बंद, डॉक्टरांनी तीन महिन्यांनी पुन्हा बघायलाच हवं, आणि स्लाइड मी पुण्याच्या एका पॅथॉलॉजिस्टकडे पाठवली आहे.

"आणि त्यांचं वेगळं आलं तर?" त्यांनी विचारलं. "मग खरं कुठलं धरायचं?"

मी म्हणाले, वेगळं आलं तर मी स्वतः तुम्हाला फोन करीन आणि का वेगळं आलं ते सांगेन. त्यांनी पैशांची पावती उलटी करून तिच्यावर आपला नंबर लिहिला, खाली मुलाचाही लिहिला, आणि पावती माझ्या मायक्रोस्कोपखाली सरकवून ठेवली.